नाव न घातलेली वही

आमच्या घरात बिननावाचं भांडं नाही. तांब्या, परात, पातेली, पार चहाच्या गाळणीपर्यंत सगळ्यावर नाव. बायको भांडं घ्यायची ती दुकानातच नाव घालून घ्यायची. दुकानदार ते टरटर वाजणारं यंत्र काढून कोरायला बसला की ही त्याच्या डोक्यावर उभी राहायची. वेलांटी चुकली तर तिथंच सांगायची. चौथी शिकलेली, पण वेलांटी चुकू द्यायची नाही. गावात कार्य असलं की आमची मोठी पातेली तिकडं जायची. दुसऱ्या दिवशी घासलेल्या भांड्यांच्या ढिगात बसून ही नाव वाचून आपलं आपलं उचलून आणायची. म्हणायची, "घराबाहेर जाईल त्याच्यावर नाव पायजे. नाव असलं की माणसाला लाज वाटती, आणून देतो."

एकच वस्तू तिनं बिननावाची घराबाहेर जाऊ दिली. तीसुद्धा माझ्यापायी. मी चारचौघांत हसलो म्हणून. ती तिची वही होती. ती परत आली नाही, आणि आता बायकोही नाही. हे कसं झालं तेवढं लिहितो.

आम्ही निरगुडसरचे. बायकोचं माहेर मढ. तिकडं भातशेती, त्यामुळं रोपं टाकायची, उपटायची, लावायची हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक. मुळी बघून रोप आठ दिवसांचं की बारा, ते सांगायची. नव्वद सालानंतर आमच्या भागात टोमॅटो वाढला. जो तो वावरात गादीवाफा करून रोपं टाकायचा, निम्मी मरायची, मग नशिबाला शिव्या द्यायचा. ही म्हणाली, आपण रोपं करून विकू. मी म्हणालो, रोप कोण विकत घेतंय? तिनं ऐकलं नाही. घरासमोर चार गुंठ्यांत हिरवी जाळी ताणली, प्लास्टिकचे ट्रे आणले, त्यात नारळाचा भुसा भरून एकेका खड्ड्यात एकेक बी. पाच-सहा वर्षांत अशी पाळी आली, की मढपासून निमगाव सावापर्यंतची माणसं आमच्या दारात. मी ट्रॅक्टर चालवायचो, ट्रे पोचवायचो. धंदा तिचा होता. लोक मला मालक म्हणायचे, ते तोंडदेखलं.

फोनपाशी तिची लांब वही असायची. गावाला एक पान. निमगाव सावाला तीन पानं, कारण तिथं एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघं गिऱ्हाईक. ती त्यांना उंबराचा, मोटरवाला आणि तपकीरवाला म्हणायची. एकाच्या विहिरीवर उंबर होता, दुसऱ्याची मोटर सारखी जळायची, तिसऱ्याचं तर तुम्हाला कळलंच असंल. प्रत्येकाच्या नावापुढं चित्रं. गोल म्हणजे टोमॅटो, गोलात गोल म्हणजे कोबी, गळासारखा वाकडा आकडा म्हणजे मिरची. आणि त्यापुढं शेरा. "पाणी मचूळ, कोबी देऊ नये." "कोवळं रोप न्यायची घाई करतो, चार दिवस थांबवणे." "सून बाळंत आहे, दुपारी फोन नको." "भांडतो पण ट्रे धुवून आणतो."

ट्रे परत यावे लागतात. म्हणून ट्रेच्या पाठीवरसुद्धा ती रंगाच्या डब्यात काडी बुडवून खुणा करायची. नाव घालायची सवय, दुसरं काय.

दोन हजार सालानंतर तिची साखर वाढली आणि नजर उतरली. वहीतलं आपलंच अक्षर तिला दिसेना. पान डोळ्यापाशी न्यायची, मग लांब धरायची, मग म्हणायची, जाऊ द्या, मला आठवतंय. मुलगा पुण्यात नोकरीला. तो सुट्टीला आला की बघायचा. एकदा म्हणाला, "दादा, आईच्या डोक्यात आहे ते मशिनात घ्यायला पाहिजे. वेबसाईट करू, गिऱ्हाइकांना मोबाइलवर मेसेज जाईल, ऑर्डर तिथंच नोंदली जाईल. सगळं एका ठिकाणी. असं करून देणाऱ्या कंपन्या आहेत."

पोरगा चुकला नव्हता. हे मी कबूल करतो. गरज होती.

त्यानं तीन कंपन्या हेरल्या आणि दुसऱ्या एका कोऱ्या वहीचा कागद फाडून तक्ता आखला. उभ्या रकान्यात कंपन्या. आडवं काय बघायचं ते. काम किती दिवसांत, बिघाड झाला तर येणार का, मराठी चालतं का, पुढं वाढवता येतं का. प्रत्येकाला दहापैकी गुण. बायको चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "त्यात अजून एक घर आख."

"कशाचं, आई?"

"सोडून आलो तर काय परत देणार, त्याचं."

मुलगा म्हणाला, "अगं अजून घेतलंच नाही, सोडायचं काय?"

"पोरगी देताना आपण हेच बघतो. नांदली तर चांगलंच. न्हाई नांदली, माघारी आली, तर तिची भांडीकुंडी तिच्यासंगं येत्यात का? का हंड्यासकट गिळत्यात? तुजी कंपनी म्हंजी स्थळच हाय की."

मी आणि मुलगा दोघंही हसलो. तक्त्यात ते घर काही आखलं नाही. जागाच उरली नाही, म्हणाला.

पहिली कंपनी मुंबईची. ती आलीच नाही. तिनं जाडजूड पुस्तक पाठवलं, एक सीडी पाठवली आणि भरून द्यायला प्रश्नांचा गठ्ठा. तुमच्या ग्राहकांचा वयोगट काय, प्रवास कसा असतो. बायको म्हणाली, "प्रवास? यष्टीनं येत्यात, न्हाईतर ट्रॅक्टरवर. लिव." सीडी तिनं दोरा बांधून जाळीच्या तोंडाशी टांगली. चिमण्या यायच्या थांबल्या. त्या सगळ्या भानगडीतला तेवढाच फायदा आम्हाला झाला, असं मी आजही म्हणतो.

दुसरा नारायणगावचा. तिथं त्याचं एका खोलीत कॉम्प्युटरचं दुकान होतं. स्कूटरवर आला. कॉलर विरलेली, पायात चप्पल. आला आणि फोनपाशी बसला तो उठेना. तीन तास. ही फोनवर बोलते कशी, लिहिते काय, नुसतं बघत होता. दोन वेळा चहा झाला. मग वहीवर बोट ठेवून म्हणाला, "काकू, ही मिरची का?"

"न्हाई रं. मिरचीचा आकडा बारीक असतो. ही शेपटी हाय. ह्यो माणूस एका रोपासाठी धा वेळा फोन करतो. मागं लागतो. म्हणून शेपटी."

तो हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "ह्या शेऱ्यांना मोठी जागा लागंल. आणि वही मी नेणार न्हाई. हितंच बसून भरीन, काकू सांगतील तसं. दोन महिने तरी लागतील. आणि सगळंच काय मला जमणार न्हाई. मेसेजचं जमंल, फोटोबिटो साधंच व्हईल."

मुलानं त्याला वेगाचे दोन गुण दिले. बायको म्हणाली, "पोरगा बरा हाय." खरं सांगायचं तर माझ्या मनात तो बसलाच नाही. ज्याच्या कॉलरला धड शिवण नाही तो आम्हाला काय पुढं नेणार, असं वाटलं. मला तरी कॉलर कुठं होती?

तिसरी पुण्याची. त्यांची दोन माणसं गाडीतून आली. एक टायवाला, एक त्याची बॅग धरणारा. जाळीशेजारच्या शेडमध्ये आमचीच चादर ताणून तिच्यावर उजेड पाडला आणि चित्रं दाखवली. आसपासचे पाच-पन्नास लोक जमले. टायवाला सांगत होता, "आम्ही नुसती वेबसाईट देत नाही. आम्ही ग्राहकाला अनुभव देतो."

मागनं बायको म्हणाली, "अनुभव आमाला लई आलेत, बाबा. आता रोपाचं बोला."

लोक खदखदले. तोही हसला. हुशार माणूस. मग माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारख्या माणसानं आता मागं राहून चालणार नाही."

सर. उभ्या जन्मात मला कोणी सर म्हणालं नव्हतं. सोसायटीत अरे, बाजारात ओ भाऊ, सासुरवाडीला पावणं. शाळेत तर गाढवच. हा एवढा टाय लावलेला माणूस सगळ्या गावासमोर मला सर म्हणाला आणि बायकोला काकू म्हणाला. तिथंच माझा निकाल झाला. तक्ता, गुण, सगळं नंतरचं.

बायकोनं त्यालाही तोच प्रश्न विचारला. "समजा आमचं तुमचं न्हाई जमलं, तर आमचं काय काय परत देनार?"

"तशी वेळच येणार नाही, काकू."

"सगळ्या सोयरिकीत आसंच म्हणत्यात," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी आणि मुलगा पुण्याला त्यांचं ऑफिस बघून आलो. काच, लिफ्ट, थंडगार हवा. पेटीत मासे. मी घरी येऊन माशांचं वर्णन केलं. ती चिडली. "स्थळ बघायला गेलं की दिवाणखाना बघायचा व्हय? शेजाऱ्याला इचारायचं. त्या घरात आदी दिलेल्या सुनंला गाठायचं. ह्यांच्याकडं आदी कोन कोन दिलंय, त्यांना इचारलंत?"

टायवाल्यानं तीन जुन्या गिऱ्हाइकांची नावं, फोन कागदावर लिहून दिले होते. एक तर मंचरचा होता, कोंबडीखाद्याचा व्यापारी, आमच्यापासून हाकेवर. कागद सदऱ्याच्या खिशात होता. मी म्हणालो, करतो फोन. केला नाही. सदरा धुवायला गेला आणि कागदाचा लगदा झाला. तो लगदा तिनंच खिशातून काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

पुढं दोन वर्षांनी मंचरच्या बाजारात तो खाद्यवाला भेटला. मी विषय काढला तर म्हणाला, "राव, मला एक फोन करायचा ना. माझी यादी अजून त्यांच्याकडंच अडकलीय. मी बोंबलून सांगितलं असतं." बोंबलायला तो तयार होता. विचारायला मी गेलो नाही.

ठरलं, सह्या झाल्या, आणि एक दिवस बॅग धरणारा माणूस वही न्यायला आला. म्हणाला, पुण्यात आमच्या मुली टाइप करतील, आठ दिवसांत वही परत. बायकोनं पदरानं वही पुसली. मग म्हणाली, "थांबा जरा, नाव घालते," आणि रंगाचा डबा शोधायला आत निघाली. ओट्यावर मुलगा होता, दोन शेजारी होते, रोपं न्यायला आलेले गिऱ्हाईक होते. मी मोठ्यानं म्हणालो, "अगं, ते काय पातेलं हाय का? साहेब काय लग्नातनं वही पळवणार हायत?"

सगळे हसले. बॅगवाला तर जास्तच. ती उंबऱ्यात थांबली. वळली. डबा न घेताच आली आणि वही त्याच्या हातात दिली. म्हणाली, "कदी परत?"

"आठ दिवस, मावशी."

वही बॅगेत गेली. बॅगेची चेन त्यानं लावली तो आवाज माझ्या कानात आहे.

वेबसाईट झाली. नारळ फोडला. उघडून बघतो तर पहिल्या पानावर एक गोरी बाई, डोक्यावर टोपी, हातात टोमॅटोची टोपली. बायकोनं चष्मा लावून, नाक पडद्याला टेकवून बघितलं. "ही कोन?"

"नमुना फोटो आहे, आई," मुलगा म्हणाला. "बदलता येतो."

"हिनं रोप आपल्याकडनं नेलंय का पर?"

तो फोटो शेवटपर्यंत बदलला नाही.

मग मेसेज सुरू झाले. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, सगळ्यांना एकच. प्रिय ग्राहक, आपले रोप तयार आहे. ज्यानं रोप सांगितलं नव्हतं त्यालाही तयार आहे. मढकडच्या एका बाईनं तो मेसेज वाचून घेतला आणि भर उन्हात एसटीनं आमच्या दारात आली. हातात नवऱ्याचा मोबाइल. नवरा वारून वर्ष झालेलं. "त्यांनी रोप सांगितलं व्हतं का हो? आदीच सांगून ठेवलं व्हतं का? कशाचं सांगितलं व्हतं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिला वाटलं, नवऱ्याची काहीतरी शेवटची इच्छा राहून गेली. बायकोनं तिला आत नेलं, पाणी दिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्यांच्या नावापुढं मी लिवलं व्हतं. गेले. फोन करू नये. सा शब्द बी न्हाईत. तेवढं बी घेता आलं न्हाई त्या पोरींना?"

मोजून बघितले तर चारच शब्द होते.

आणि निमगाव सावाचे ते तिघं. मशीनला वाटलं, एकच नाव तीनदा लिहिलंय. त्यानं दोन उडवले. उंबराच्याचा टोमॅटो, मोटरवाल्याचा झेंडू, सगळं तपकीरवाल्याच्या नावावर चढलं, आणि मीच ट्रॅक्टर घेऊन त्याच्याकडं उतरवून आलो. चिठ्ठी कॉम्प्युटरची, मी कशाला डोकं चालवू? आठ दिवसांनी मोटरवाला शिव्या देत आला. आम्ही तपकीरवाल्याकडं गेलो तर त्यानं सगळं लावून टाकलेलं. बांधावर बसून चिमूट ओढत म्हणाला, "आता मला काय म्हाईत, राव? आलं ते लावलं. मला वाटलं, सरकारची कायतरी स्कीम हाय."

मोटरवाला म्हणाला, "झेंडू कधी सरकारनं दिलाय का रे?"

"निवडणूक जवळ आलीय. हारासाठी दिला असंल, म्हणलं."

भांडण तिथं हसण्यावारी गेलं. धंद्याचं गेलं नाही. वहीत उंबर, मोटर, तपकीर लिहिलेलं होतं. मी नेऊन टाकायच्या आधी ती वहीचं पान उघडायची आणि तिघांतला कोण ते सांगायची. आता उघडायला वही नव्हती.

वहीचे आठ दिवस झाले, महिना झाला. मुलगा फोन करायचा. काम चालू आहे. मग, स्कॅनिंगला गेलीय. मग, पाठवली, मिळाली नाही का? बॅगवाला नोकरी सोडून गेला. टायवाला मीटिंगमध्ये. ती रोज एकदा विचारायची, वही आली का? मी म्हणायचो, येईल. ती तोंडपाठ आठवून एकेकाला फोन लावायची, चुकलेल्या रोपांची माफी मागायची. नंबर तिला पाठ होते. वर्षभर तिनं तसा रेटा लावला. मग मूत्रपिंडं गेली आणि ती अंथरुणाला खिळली.

मंचरला दवाखान्यात होती. उन्हाळा. दुपारी दोन-अडीचचा सुमार, खिडकीला ओला पंचा लावलेला. डोळ्यांनी आता तिला नुसता उजेड-अंधार कळायचा. म्हणाली, "अहो, वही आली का?"

मी म्हणालो, "आली."

का म्हणालो माहीत नाही. कंटाळलो होतो. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, असं लोकांना सांगतो, पण कंटाळलो होतो हेही खरं.

"आणलीय हितं?"

"आणलीय." माझ्या हातात दवाखान्याची फाइल होती. तीच जरा वाजवली.

"मग निमगावचं पान काढा. वाचा की."

मी फाइल उघडली आणि बोलायला लागलो. उंबराचा, टोमॅटो. मोटरवाला, झेंडू. एवढं मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "उंबराच्या पुढं काय लिवलंय?" मी म्हणालो, "पाणी मचूळ." तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "मचूळ पाणी त्याचं न्हाई. त्याचं पाणी ग्वाड हाय. उंबराखालच्या विहिरीचं पाणी ग्वाडच असतंय." मी म्हणालो, "अक्षर नीट लागत न्हाई मला."

"माजं अक्षर?" एवढंच ती म्हणाली. तिचं अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं होतं. वाचता न येणारा माणूस नव्हता.

थोड्या वेळानं म्हणाली, "आली हाय तर नाव घालून ठेवा. परत कुनी न्यायच्या आदी."

मी म्हणालो, घालतो. तिनं भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ती पंधरा दिवस होती, पण वहीचं तिनं परत कधी विचारलं नाही. मला कळलं तिला कळलंय. तिला कळलं मला कळलंय. एवढ्या वर्षांच्या संसारात माझं शेवटचं ठळक बोलणं ते खोटं.

दिवसपाणी उरकलं आणि मी मुलाला म्हणालो, चल पुण्याला. वही घेतल्याशिवाय मी उठणार नाही. ऑफिस तिथं नव्हतं. कंपनी दुसऱ्या कुणी घेतली होती, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं काच होती, मासे नव्हते. एक तरुण बाई बाहेर आली, चांगली बोलली. तासाभरानं एक सीडी आणि कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "काका, हा तुमचा सगळा डाटा."

कागद उलटे धरले, सुलटे धरले. नाव, गाव, मोबाइल, पीक. नाव, गाव, मोबाइल, पीक. मी म्हणालो, "आणि शेरे?"

"कसले शेरे?"

मुलानं समजावून सांगितलं. तिनं आत जाऊन विचारलं आणि आली. "त्या सिस्टिममध्ये तशी जागाच नव्हती, सर. त्यामुळं ते भरलंच नाही." ही पण मला सर म्हणाली. त्या दिवशी तो शब्द मला शिवीसारखा लागला.

"मग वही द्या."

"जुन्या ऑफिसातनं शिफ्ट होताना सगळे कागद रद्दीत दिले. कशावर कुणाचं नाव नव्हतं, त्यामुळं..."

पुढं ती बोलत होती, मला ऐकू आलं नाही. मुलगा भांडला. शिक्षण घेतलेला आहे, इंग्रजीत भांडला. मी खुर्चीवर बसून राहिलो. त्या बाईवर मला राग काढता येईना. ती बरोबर तेच बोलली होती जे माझी बायको भांड्यांच्या ढिगात बसून सांगायची.

टायवाल्याला मी माफ केलेलं नाही. कधी भेटला तर तोंडावर सांगेन, तू चोर आहेस. पण चोराला दार उघडून दिलेल्याला काय म्हणायचं ते मला आरशात बघून म्हणावं लागतं. आता आमच्या भागातली पोरं द्राक्षं परदेशी पाठवतात, कुणी पर्यटकांसाठी खोल्या बांधतात. कंपन्या येतात, चादरीऐवजी चांगल्या पडद्यावर चित्रं दाखवतात. पोरं मला विचारतात, तुमी पहिले हो, सांगा कोनची घ्यावी. मी म्हणतो, आधीच्या गिऱ्हाइकाला जाऊन भेट, आणि सोडून आलो तर काय परत देणार ते लिहून घे. ती हसतात. मी कसा हसलो होतो, तशीच.

नारायणगावच्या त्या पोराचं दुकान मोठं झालंय. एकदा मी गेलो. त्यानं ओळखलं. म्हणाला, "काकू कशा हायत?" मी सांगितलं. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "ते शेपटीचं मी लिवून घेतलं व्हतं बघा." ड्रॉवर शोधला. सापडलं नाही. तीन तासांत त्यानं जेवढं बघितलं, तेवढं मी तीस वर्षांत बघितलं का, हे मला तिथं बसून वाटलं. चहा न घेता निघालो.

मागल्या पावसाळ्याच्या आधी निमगाव सावाचा उंबराचा आला. म्हातारा झालाय, काठी टेकत आला. मागं नातवाच्या गाडीत काळे ट्रे, एकात एक बसवलेले, स्वच्छ धुतलेले. म्हणाला, "पावणं, घर पाडायला काडलंय. माळ्यावर हे निगालं. लई वरसं झाली, माफ करा."

मी म्हणालो, "आता काय उपयोग? ठेवून घ्यायचे. कांदे-लसूण ठेवायला झाले असते."

"न्हाई बा. मागं नाव हाय. बाईनं लिवलंय. आणून द्यावंच लागतंय."

वरचा ट्रे उलटा केला. काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या रंगात, काडीनं लिहिलेलं. निरगुडसर. खाली गोल, म्हणजे टोमॅटो. गोलाच्या शेजारी बारीक अक्षरात, "पाणी गोड. थांबवू नये." वेलांट्या जागच्या जागी.

मी विचारलं, "तुझ्या विहिरीचं पाणी गोड हाय का रं?"

तो म्हणाला, "म्हंजी? तुमाला म्हाईत न्हाई? तुमी तर किती येळा प्यालात."

ट्रे उन्हात दोन-तीन हंगामांत कडकतो. हा माळ्यावर अंधारात होता म्हणून टिकला. मुलगा म्हणाला, दादा, फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवू. मी म्हणालो, हात लावायचा नाही. तो मी घरात आणला आणि तिच्या पातेल्यांच्या फळीवर उपडा ठेवला, अक्षर वर करून. तो तिथंच राहणार. कुणी मागायला आलं तर मी देणार नाही.